गॅडोलिनियमचा खण

फोनवर ताईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ये गं. हे पुन्हा बाटली वाजवायला लागलेत."

'हे' जाऊन महिना झाला होता.

धाकटी बहीण पोलीस खात्यातून निवृत्त झालेली. भुतांशी तिचा व्यवहार कधी झाला नव्हता. माणसांशी मात्र भरपूर झाला होता, आणि हिशेब केला की येणं नेहमी त्यांच्याकडेच निघायचं. पिशवी उचलून ती तडक निघाली.

ताईच्या नवऱ्याची, म्हणजे सरांची, खोली होती तशीच होती. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. उघड्या मांडणीवर लाकडी खण, खणांत दुर्मिळ आणि जड धातूंचे तुकडे, प्रत्येकावर चिन्हाची चिठ्ठी. मांडणीच्या माथ्यावर रिकामी काचेची बाटली. सर तिच्यावर पेन्सिल आपटायचे, टण्ण, की शिकवणी सुरू. त्याच्याही वर झरोका, लोखंडी गजांचा. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"दाराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात," ताई म्हणाली. "तरी दुपारी टण्ण होतं. मग संध्याकाळी वर कुठेतरी टक्. मला नाही सोसत. भावजींना म्हटलं, घर तुम्ही घ्या, मी वृद्धाश्रमात जाते. आज संध्याकाळी सही करायचीय."

"रोज होतं?"

"परवा नाही झालं."

"परवा काय होतं?"

"काही नाही. आभाळ भरलेलं, इतकंच."

"अगंबाई, ढगाळ दिवशी भुताला सुट्टी!"

ताई हसली नाही. धाकटी खणांपाशी बसली. "रसायनशास्त्रात मी काठावर पास. शिकव मला. W?"

"टंगस्टन. बल्बमधली तार." चाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं ताईला तोंडपाठ होतं. "Nd, निओडिमियम. त्याची चुंबकं फार जोरकस. Pb, शिसं."

"आणि हे Gd?"

"गॅडोलिनियम. दवाखान्यात शरीराचे फोटो काढताना त्याचं औषध टोचतात. ह्यांचा फार लाडका. चहाच्या कपावर त्याचा खेळ करून दाखवायचे. म्हणायचे, हा आमच्या धाकट्या भावासारखा आहे, थंडीत चिकटतो, ऊब लागली की हात सोडतो."

धाकटीने तो तुकडा उचलला. आकाराच्या मानाने भलताच जड. नख रुतलं. कागदावर ओढला तर करडी रेघ उमटली. मग तिने Pb चा तुकडा ओढला. रेघ तशीच.

दुपारी सरांचा जुना विद्यार्थी आला. दवाखान्यात तपासणीचं मोठं यंत्र चालवायचा. हा संग्रह शाळेला द्यावा म्हणून तो ताईच्या मागे लागला होता.

"घर रिकामं झालं तर संग्रह तुम्हालाच मिळणार, नाही का?" धाकटीने विचारलं.

"मिळेल. पण बाईंना घालवून नकोय मला."

"हे ओळखता?"

त्याने तळहातावर तुकडा तोलला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे शिसं आहे. Gd च्या खणात कुणी ठेवलं?"

तेवढ्यात झरोक्यातून उन्हाचा पट्टा आत उतरला. थोड्या वेळाने आवाज झाला. टण्ण.

ताईने डोळे मिटून घेतले. धाकटीने शिडी मागवली.

ताईचा दीर संध्याकाळी घराचे कागद घेऊन आला. धाकटीने सगळ्यांना सरांच्याच खोलीत बसवलं.

"या धातूंमधलं काही कळतं तुम्हाला?" तिने दिराला विचारलं.

"आम्हाला काय कळणार! सुट्टी मिळाली की तळ्यावर गळ टाकून बसणारी माणसं आम्ही."

"सर गेल्यावर या खोलीत आला होतात?"

"एकदाच. झाडझूड करायला. वहिनींना जमत नव्हतं." त्याने उसासा टाकला. "दादाचा जीव अडकलाय हो इथे. वहिनी, सही..."

ऊन कधीच गेलं होतं. खोली गारठली. वर आवाज झाला. टक्.

ताईचा हात थबकला.

"सर नाहीत, ताई. Gd आहे," धाकटी म्हणाली. "गजाला चुंबक चिकटवलंय आणि गॅडोलिनियमचा तुकडा दोऱ्याने टांगलाय. गारठ्यात तो चुंबकाकडे ओढला जातो, टक्. दुपारी ऊन लागलं की चुंबकाची पकड सुटते, तुकडा झोका घेऊन बाटलीवर आपटतो. ढग असले की भूत गप्प. कुलूप उघडावंही लागत नाही."

दिराने विद्यार्थ्याकडे बोट केलं. "हे असलं यालाच सुचणार!"

"सुचलं असतं. पण रिकामा खण झाकायला त्याने शिसं ठेवलं नसतं. त्याने हातात घेताच ओळखलं. ठेवणाऱ्याला खेळ माहीत होता, धातू माहीत नव्हता. चहाच्या कपावर पाहिलेला खेळ. मग खिशात होतं तेच त्याने ठोकून चपटं केलं आणि खणात टाकलं." तिने शिशाचा तुकडा उलटा केला. कडेला दोरा ओवायचं अर्धं भोक दिसत होतं. "हे गळाचं वजन आहे, भावजी. आणि वरचा दोरा तुमच्याच गळाचा. नायलॉनचा, खालून दिसत नाही असा."

दीर कागदाकडे बघत राहिला. "या घरात मीही वाढलो होतो," तो पुटपुटला.

"मग घर मागायचं होतंत," ताई म्हणाली. "ह्यांचा आवाज कशाला चोरलात?"

तिने कागद सही न करता परत दिले. दीर गेला. विद्यार्थी शिडीवर चढू लागला.

"खाली उतर," ताई म्हणाली.

"अहो बाई, काढून टाकतो ना."

"राहू दे. टांगणारा खोटा होता, आवाज नाही." तिने बाटली पदराने पुसली आणि होती तिथेच ठेवली. "उद्या ऊन पडेल असं वाटतंय."