चरात बसलेले आजोबा

सकाळची पाळी संपवून सिस्टर दवाखान्यातून थेट नगरपालिकेत गेल्या. झाडापासून सहा फुटांत खणू नये, असं पत्र हातात पडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. चारच्या सुमारास घरी येऊन मागचं दार उघडलं, तर शेजारच्या बांधकामाचा चर कुंपणाला येऊन भिडलेला. त्यांच्या तुतीची मनगटाएवढी तीन मुळं कापून टाकलेली. ओल्या मातीचा आणि चिकाचा उग्र वास सुटला होता.

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुंपणापलीकडे कंत्राटदार एकटाच उभा होता. यंत्र बंद. कामगारांचा पत्ता नव्हता.

“मी कामावर गेलेली बघून डाव साधलात ना?” पत्र त्याच्यापुढे नाचवत त्या म्हणाल्या. “वडिलांनी लावलेलं झाड आहे. एक फांदी जरी वाळली तरी तुम्हाला कोर्टात खेचीन.”

“काम थांबवलंय, सिस्टर.” त्याचा आवाज बसला होता. “भिंत मागे घेतो. हवं तर लिहून देतो. फक्त तुमच्या त्या आजोबांना वर बोलवा.”

“कुठले आजोबा?”

“दुपारपासून चरात बसलेत... तुटलेली मुळं मांडीवर घेऊन. माणसं हाका मारून थकली आणि पळाली. ते मान वर करत नाहीत...”

सिस्टर आणखीच भडकल्या. घरात त्या एकट्या. वडील तर तिशीच्या आतच गेलेले. म्हातारं माणूस या घराने कधी पाहिलंच नव्हतं.

“वर माझीच थट्टा करताय?”

 तो चराकडे न बघता फाटकातून निघून गेला.

सिस्टरांनी कुंपणावरून वाकून पाहिलं. खाली कोणी नव्हतं. पण दोन मुळांच्या टोकांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, वर सुतळीच्या नीट गाठी. लहान मुलाची जखम बांधावी, इतक्या हळुवार हाताने. तिसरं मूळ मात्र उघडंच होतं. त्यातून पांढरा चीक थेंब थेंब गळत होता.

“मेल्यांनो...” त्या पुटपुटल्या.   तशाच घरात जाऊन त्यांनी एक पोतं भिजवून आणलं, गुडघे टेकले आणि ते चरात सोडायला कुंपणाखालून हात लांबवला.

पोतं खाली पडलं नाही. कोणीतरी ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.