हीटरवरचा आठवा ठोका

पांडुरंगाची आण घेऊन सांगतो, यातलं एक अक्षरही माझ्या मनाचं नाही.

फिनलंडमधलं औलू शहर. नोव्हेंबरातला शुक्रवार. दुसऱ्या दिवशी मृतांच्या स्मरणाचा सण, सगळे दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जाणार होते. दुपार कसली, बाहेर अंधारून आलेलं.

आम्ही बोटींच्या इंजिनांचे संगणक बनवतो. संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, क्षणोक्षणी काय घडतं याच्या नोंदी ट्रेस बफर नावाच्या राखीव जागेत पडत असतात. प्रत्येक नोंद स्मृतीत आठच्या पटीतल्या जागेवरच सुरू व्हायला हवी. कीर्तनात टाळ समेवर पडावा, तशी. एक घसरली की पुढचं सारं बेताल.

ती जागा तपासणारी चाचणी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या तौनोने लिहिली होती. चाचणी चालू असली की म्हातारा पेन्सिलीने हीटरवर ठोके द्यायचा. आठ ठोके. मग थांबायचा.

मागच्या हिवाळ्यात एका बोटीचं इंजिन भर बर्फात बंद पडलं. एक खलाशी गेला. का, ते कळलंच नाही. नोंदी घसरलेल्या, कुणाला वाचता येईनात. ठपका तौनोच्या चाचणीवर आला. तो चकार शब्द बोलला नाही. नोकरी सोडली आणि उन्हाळ्यात वारला.

त्या शुक्रवारी कॉफीला आम्ही तिघंच होतो. मी आणि माझ्यासोबत काम करणारे हिल्ला नि ओस्मो.

टक्... टक्... टक्...

हीटर.

"पाईप तापतायत गं," ओस्मो हिल्लाकडे बघून हसला. "भूत बघितल्यासारखी काय बसलीस? दालचिनीचा पाव खा, नाहीतर तुझाही मीच संपवीन."

मी मोजत होतो. सात.

आठवा... आलाच नाही.

पुन्हा सुरू झालं. पुन्हा सात.

मी उठून हीटरला हात लावला.

बर्फासारखा गार.

ओस्मोने पाव खाली ठेवला.

"तौनोची चाचणी मी बंद केली होती," हिल्ला एकदम म्हणाली. "सारखी नोंदी नापास करायची. बोट सुटायची घाई. म्हटलं, नंतर चालू करीन... राहूनच गेलं."

"तौनोला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं. म्हणाला, 'पोरी, तुझी लेकरं लहान आहेत. धीर होईल तेव्हा सांग.' मला कधी झालाच नाही रे."

"आम्हाला सांगून काय उपयोग?" ओस्मो हळूच म्हणाला. "त्या खलाशाच्या बायकोला सांग."

हिल्लाने फोन उचलला. आमच्यासमोरच साहेबांना सगळं सांगितलं. त्यांच्याकडून त्या बाईंचा नंबर घेतला. त्यांनाही सांगितलं. फोन ठेवला...

टक्.

एकच ठोका. राहिलेला आठवा.

शनिवारी तिने तौनोच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. बंद केलेली चाचणी पुन्हा चालू केली. मला वाटलं, म्हातारा शांत झाला.

काल कॉफीच्या वेळी हीटर पुन्हा वाजला...

सात.

"मी तर सगळं सांगून टाकलंय," हिल्ला पुटपुटली. "मग आता कुणाचं सांगायचं राहिलंय?"

ओस्मो पावाकडे बघत राहिला.

मी मनात रामकृष्णहरी म्हणत होतो. डोळे मात्र कपातून वर उचलवेनात.