अकरा चाळीसची डबल बेल

दार लोटून घ्या आधी. आणि धाकटीला मध्ये बसवा, रात्री ती ओरडत उठली तर बोलणी मला खावी लागतात.

मगाशी कोण म्हणत होतं, शहरातल्या बस नव्या कंपनीकडे गेल्या ते बरंच झालं म्हणून? झालं असेल. मी वाद घालत नाही. माझ्या साडूचं काय झालं तेवढं सांगतो. साडू म्हणजे तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बावीस वर्षं बस चालवली त्यानं. माणूस इतका भिडस्त की पायावर कोणी पाय दिला तर हाच माफी मागेल.

गेल्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरचा दुसरा मंगळवार. रात्री पावणेअकराला मेहुणीचा फोन आला, की हे स्वेटर न घेता गेलेत, खोकला आहे, शेवटची फेरी आहे, तुमचं घर स्टँडजवळ, तर तुमचाच एखादा नेऊन द्याल का. मी कपाटातला सगळ्यात जुना निवडला, खोटं कशाला बोलू. चालत निघालो. थंडी होती, रस्ते मोकळे होते. अकरा वाजून पाच मिनिटांनी स्टँडवर पोचलो.

साडू गाडीच्या पायरीवर बसला होता. स्वेटर घेतला, मांडीवर ठेवला, घातला नाही. मग म्हणाला, "भाऊ, तुम्हाला वायरिंगचं कळतं. या गाडीत कुठे घंटी आहे का, तेवढं बघून द्या."

जुन्या डेपोच्या वर्कशॉपमध्ये माझी तीस वर्षं गेली. मी टॉर्च घेतला, छत पाहिलं, सीटांखाली पाहिलं, ड्रायव्हरच्या पुढची फळी ठोकून पाहिली. दोरी नाही, घंटी नाही. म्हटलं, यात हॉर्न आहे, स्पीकर आहे, पुढचा थांबा सांगणारी ती गोड आवाजाची बाई आहे. घंटी कुठून असणार? कंडक्टरच नाही तर घंटी वाजवणार कोण?

तो म्हणाला, "तेच."

पुढचं त्यानं मला थोडं त्या रात्री सांगितलं, थोडं नंतर. मी एका ओळीत लावून सांगतो.

नवी कंपनी आली तेव्हा पहिले पंधरा दिवस लोक खुशीत होते. गार हवा, न फाटलेल्या सीटा, सुट्या पैशांवरून भांडण नाही. कार्ड टेकवा आणि बसा. मग हळूहळू कळायला लागलं. शेजारशेजारचे थांबे एक केले. दार वेळेवर बंद म्हणजे बंद. धावत येणाऱ्या म्हातारीसाठी 'थांब रे जरा' म्हणणारं आत कोणी उरलं नाही. तक्रारीला फोन लावला की 'तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' असं म्हणून गाणं वाजायचं. शेवटच्या फेरीला एक शिंपी यायचा. तो म्हणायचा, पूर्वी कंडक्टर खेकसायचा, पण खेकसून का होईना, आत घ्यायचा. क्लासवाले सर म्हणायचे, गाडी थंड झाली आणि माणसं तापली. आठवड्याला एक अर्ज लिहायचे. उत्तर एकदाही आलं नाही.

याच फेरीला इस्पितळातली आया असायची. दुसरी पाळी संपवून इस्पितळाच्या फाटकापाशी चढायची. साठीला टेकलेली, गुडघे गेलेले. जुन्या काळी कंडक्टर तिच्यासाठी खाली उतरून हात द्यायचा. तिनं दांडी धरली, ड्रायव्हरच्या मागच्या तिच्या नेहमीच्या सीटवर बूड टेकलं, की मगच तो दोरी ओढायचा. टिंग टिंग. डबल बेल.

हे तुम्हा पोरांना माहीत नसेल. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. ड्रायव्हर मागे बघत नसे. डबल बेलचा अर्थच तो होता, की मागचं मी पाहिलंय, सगळी माणसं आत आहेत, तू निघ. साडूनं बावीस वर्षं त्या दोन टोल्यांवर गाडी काढली. कान ऐकायचा आणि पाय ब्रेकवरून उठायचा. मध्ये डोकं नसायचं.

आणि नव्या गाडीत दार बंद होताना स्पीकरमधून कसा आवाज यायचा, सांगा बघू? टिंग टिंग.

नोव्हेंबरची एकवीस तारीख. रात्रीचे अकरा चाळीस. आयानं एक पाय पायरीवर ठेवला होता. दुसरा खाली. दार मिटलं. दोन टोले पडले. साडूचा पाय उठला.

तिचा हात कोपरापर्यंत दारात होता.

तीन खांब... रस्त्यावरच्या दिव्यांचे तीन खांब ती गाडीबरोबर गेली. शिंपी आतून ओरडला तेव्हा याला कळलं.

आता ऐका. त्या दाराच्या कडेला रबराची पट्टी असते आणि तिच्यात सेन्सर. बोट जरी अडकलं तरी दार आपोआप उघडतं. उघडायला हवं होतं. पण महिनाभरापूर्वी कंपनीच्या वेळापत्रकाच्या साहेबानं तो सेन्सरच बंद करायला लावला होता. लोकांच्या पिशव्या अडकतात, दार पुन्हा पुन्हा उघडतं, फेरीला चार मिनिटं उशीर होतो, म्हणून. सगळे त्याला वेळसाहेब म्हणायचे. साडूला हे माहीत होतं. सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं.

हा वेळसाहेब आरडाओरडा करणारा नव्हता. गोड बोलायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं साडूला खुर्ची दिली, चहा दिला आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, सेन्सर चालू होता, गाडी सुटल्यावर बाईनं धावत्या गाडीच्या दारात हात घातला. म्हणाला, "दादा, त्यांना आता काय फरक पडतो? तुमच्या घरी दोन मुली आहेत."

साडूनं सही केली.

शिंप्यानं तोंड उघडलं, पण त्याला म्हणाले, तू मागे बसला होतास, तुला काय दिसणार. प्रकरण मिटलं. गावभर झालं, की म्हातारीनंच घाई केली. तेराव्या-चौदाव्या दिवशी आयाची मुलगी स्टँडवर आली. भांडायला नाही. साडूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आई घरातल्या तीन पायऱ्यासुद्धा कठडा धरून उतरायची. ती धावत्या गाडीला हात घालेल? तुम्ही पाहिलंत, काका?"

तो वळून गाडीत चढला. घरी येऊन जेवला नाही. मेहुणीनं विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती एकच वेळ जेवायला लागली. कसला नवस म्हणून मुलींनी विचारलं, तर म्हणाली, तुमच्या बाबांच्या तोंडून एक गोष्ट बाहेर यायची आहे, ती येईपर्यंत. तिला देवावर जेवढा भरवसा, तेवढाच नवऱ्यावर. रोज दिवा लावताना त्या आयाचंही नाव घ्यायची.

आणि त्याच रात्री घंटी वाजली.

इस्पितळाचं फाटक जवळ आलं. तो थांबा आता रद्द केला होता. गाडीत चारच माणसं. याच्या डोक्यामागे... टिंग. एकच. पितळी. पाय ब्रेकवर गेला. दार उघडलं. बाहेर कोणी नाही. शिंपी म्हणाला, काय झालं हो? त्यानं काही ऐकलंच नव्हतं. मग थोड्या वेळानं... एखादी गुडघे दुखणारी बाई चढून बसायला जेवढा वेळ घेईल तेवढ्या वेळानं... टिंग टिंग.

रोज. अकरा चाळीसला. म्हणून त्यानं मला घंटी शोधायला लावली होती.

रद्द केलेल्या थांब्यावर गाडी रोज तीन मिनिटं उभी राहते, हे वेळसाहेबाच्या पडद्यावर दिसायला लागलं. मी स्वेटर दिला त्यानंतरचा तिसरा दिवस. शुक्रवार. साहेब स्वतः शेवटच्या फेरीला चढला. हसून म्हणाला, दादा, तुमचं भूत मलाही दाखवा. शिंपी आणि क्लासवाले सर त्याला पाहून आधीच्याच थांब्यावर उतरले. म्हणाले, याच्या शेजारी बसण्यापेक्षा चाललेलं बरं. गाडीत दोघेच उरले.

साहेब दाराजवळ उभा. हातात फोन, फोनवर घड्याळ.

फाटक आलं.

टिंग.

साडूनं गाडी थांबवली. साहेबानं मान वर केली. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. कसला आवाज तो, असं विचारलं. साडू म्हणाला, घंटी. साहेब म्हणाला, कुठे आहे? साडू म्हणाला, नाही.

दार उघडलं. थंडी आत आली. नुसती आली नाही... चढली. एक पायरी. थांबली. दुसरी पायरी.

साहेब बाजूला सरकला. कोणाला तरी वाट द्यावी तसा. का सरकला, ते त्यालाही कळलं नसेल. मग त्याला आपलाच राग आला असावा. खाली कोणी खोडी काढतंय, बघतो, म्हणाला. आणि उतरला. फाटकाजवळ कोणी नव्हतं. इस्पितळाच्या एका खिडकीत दिवा. तो परत फिरला. पायरीवर एक पाय ठेवला. दारात हात घातला.

दार मिटलं.

कोपरापर्यंत.

साहेबानं पहिल्यांदा नुसतं 'अरे' म्हटलं. मग दारावर थापा. दादा, उघडा. दादा. साडूनं आरशात पाहिलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. दार उघडायचं बटण हाताखाली होतं. तो मला म्हणाला, "भाऊ, बोट बटणावर होतं. मला दाबायचं होतं की नाही, हे मी देवाला सांगेन, तुम्हाला नाही."



मग अगदी कानामागे. सावकाश.

टिंग...

टिंग.

पाय उठला.

पहिला खांब. थापा.

दुसरा खांब. आवाज... तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही.

तिसरा खांब.

टिंग.

एकच. आणि गाडी उभी. साडू म्हणतो, ब्रेक त्यानं लावला नाही. दार आपोआप उघडलं. सेन्सर चालू असल्यासारखं.

साहेब वाचला. इस्पितळ समोरच होतं ना. पण पाय पुन्हा सरळ झाले नाहीत, आणि तो हात अजून खांद्यापासून लोंबतो. शुद्धीवर आल्यावर त्यानं पोलिसांना सांगितलं, की सेन्सर बिघडलेला आहे, ड्रायव्हर निर्दोष आहे, मला काही तक्रार करायची नाही. इतकंच. पुढे काही विचारलं की डोळे मिटून घ्यायचा.

साडूला तिथेच सुटता आलं असतं. तुमच्यापैकी किती जण सुटले असते, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तो पहाटे चार वाजता पोलीस ठाण्यातच म्हणाला, सेन्सर बिघडलेला नाही, बंद केलेला आहे. एकवीस नोव्हेंबरलाही बंद होता. बाईनं धावत्या गाडीला हात घातला नाही, गाडी उभी होती. मी खोट्यावर सही केली. आता खरं लिहून घ्या.

नोकरी गेली. खटला चालू आहे. शिक्षा होईल तेवढी भोगीन म्हणतो. पण सगळ्या गाड्यांचे सेन्सर आठ दिवसांत चालू झाले, आणि आयाच्या नावावरचा तो डाग कागदावरून पुसला गेला. तिची मुलगी तो नवा कागद घेऊन मेहुणीकडे आली होती. दोघी स्वयंपाकघरात किती तरी वेळ बसल्या. काय बोलल्या ते कोणी विचारलं नाही. त्या रात्री मेहुणी पोटभर जेवली, आणि साडू तीन आठवड्यांत पहिल्यांदा झोपला.

नाही गं, धाकटे, घंटी पुन्हा कधी वाजली नाही. नव्या ड्रायव्हरला विचारलंय मी. अकरा चाळीसला गाडी फाटकाशी थांबते. थांबाही परत दिला त्यांनी. माणसं चढतात, उतरतात. सगळं ठीक आहे. जे हवं होतं ते आयाला मिळालं, असं आपण म्हणू.

फक्त...

गाडी रात्री साडेबाराला डेपोत लागते. खिडक्या उघड्या टाकतात, वास जावा म्हणून. पहाटे पाचला गाड्या धुणारी बाई येते. जानेवारीत तिनं मला बोलावून घेतलं. तुम्ही जुने माणूस, म्हणाली, हे काय आहे ते बघा. बाहेर इतकी थंडी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. आत सगळ्या सीटा बर्फासारख्या गार. प्लॅस्टिकच त्या.

ड्रायव्हरच्या बरोब्बर मागची सीट...

मी हात ठेवला.

कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊबदार होती.