झोपलेल्या गाडीची फेरपरीक्षा

समज, तुझ्या आत्याने तुला एक स्पोर्ट्स कार सांभाळायला दिली आहे. निळी, ठेंगणी, दोनच सीटची. रस्त्यावरून गेली की माणसं बोलता बोलता थांबतात, तशी. आणि अट काय, तर ती चालवायची नाही. झूल पांघरून शेडमध्ये उभी ठेवायची, आणि आत्याचा मोडलेला पाय बरा झाला की तिने चावी फिरवल्याबरोबर ती सुरू झाली पाहिजे.

सोपं वाटतं ना? पण जरा थांब. उभी गाडी झोपलेली दिसते खरी, पण तिच्या आत सगळेच झोपलेले नसतात. घड्याळ टिकटिकत असतं, चोराला हाकलणारा भोंगा कान टवकारून बसलेला असतो, दारांची कुलुपं चावीच्या हाकेची वाट बघत असतात. हे सगळे बॅटरीतून घोट घोट वीज पितात. चालत्या गाडीत इंजिन ती वीज पुन्हा भरून काढतं. उभ्या गाडीत कोण भरणार?

त्यासाठी एक छोटा चार्जर मिळतो. लाल चिमटा अधिकला, काळा उण्याला. बॅटरी भरली की तो आपणहून थांबतो, कमी झाली की पुन्हा सुरू होतो. भरताना दिवा लाल, भरली की हिरवा.

आपल्या गोष्टीतला तरुण आत्याच्या अशाच गाडीसाठी चार्जर घेऊन शेडमध्ये रांगत होता. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, पण स्वतःला सॉकेट काही सापडत नव्हतं. भिंतीच्या कडेकडेने रांगत तो फळ्यांच्या आडोशापलीकडे गेला, डोकं वर काढलं… आणि ते नेमकं एका खुर्चीच्या रिकाम्या चौकटीतून वर आलं. समोर भिजलेल्या वेताची पट्टी दातात धरलेली एक मुलगी होती.

तिने पट्टी सावकाश काढली. "या खुर्चीवर अजून बसता येत नाही," ती म्हणाली. "आणि खालून तर कोणीच बसत नाही."

"मी… सॉकेट शोधतोय."

"अख्ख्या शेडला एकच आहे. आणि त्याच्यावर माझी किटली आहे."

"मी एक्स्टेंशन बोर्ड आणतो. किटलीला धक्का लागणार नाही."

"आधी माझ्या खुर्चीतून बाहेर या. मग बोलू."

ती शेडच्या या अर्ध्या भागात वेताच्या खुर्च्या विणायची. तिच्यासोबत शाळा सुटल्यावर तिची भाची यायची, कारण भाचीची आई दवाखान्यात परिचारिका होती आणि उशिरा सुटायची. भाची दुसरीत होती, आणि तिच्याकडे मोठं खातं होतं. दाराजवळ उंचावर मेन स्विचचा दांडा होता. मागे एकदा डिंक वितळवायची विजेची शेगडी चालूच राहिली होती आणि एक खुर्ची काळी पडली होती. तेव्हापासून नियमच झाला, शेवटी निघताना मेन स्विच बंद. तो मान भाचीचा. ती स्टुलावर चढायची, दोन्ही हातांनी दांडा खाली ओढायची आणि मग हात झटकायची. म्हणून मावशी तिला वीजमंत्री म्हणायची.

तरुण एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आला, चार्जर लावला, दिवा हिरवा झाला. काम संपलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा हजर.

"काही विसरलात?" तिने विचारलं.

"दिवा बघायला आलो. हिरवा आहे ना…"

"कालही हिरवाच होता."

तिसऱ्या दिवशी तो आला. मग रोजच यायला लागला. झूल जरा उचलायची, वाकून बघायचं, 'हिरवा आहे' असं म्हणायचं आणि मग चहा होईपर्यंत न विणलेल्या खुर्चीच्या कडेवर तोल सांभाळत बसायचं.

"त्या चार्जरच्या डबीवर काय लिहिलंय, वाचलंत?" एकदा तिने विचारलं. बोटं वेताच्या जाळीत चालूच होती. "लावा आणि विसरा."

"मला विसरायची सवय नाही."

"डबीला तुमच्या सवयी कुठे ठाऊक…" ती म्हणाली, आणि हसू लपवायला खाली वाकली. वेताची पट्टी चुकीच्या भोकातून गेली. ती उसवून तिने पुन्हा घातली. पत्र्यावर पावसाची सर वाजत होती, आणि वीजमंत्री पाढे लिहिता लिहिता दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. ती निवृत्त मुख्याध्यापिका. पाय मोडल्यापासून तिच्या भावाने, म्हणजे तरुणाच्या बाबांनी, लकडा लावला होता, "ताई, आता पुरे. गाडी विकून टाक." आत्याने शेवटी निकाल दिला. "प्लॅस्टर निघालं की मी एकदा चावी फिरवीन. पहिल्या फेरीत सुरू झाली, तर ती मरेपर्यंत माझी. नाही झाली, तर तुझं खरं." आत्या बोललेला शब्द फिरवत नसे. शाळेतली चार पोरं त्यापायी नापासही झाली होती.

म्हणून ती भाच्याला रोज विचारायची, "दिवा?" आणि तो अभिमानाने सांगायचा, "हिरवा. रोज जातो बघायला."

मग काय झालं, तर दुसऱ्या गावी एका नाट्यगृहाच्या खुर्च्या विणायचं मोठं काम मावशीला मिळालं. शाळेलाही सुट्टी लागली होती. मावशी आणि वीजमंत्री, दोघीही महिनाभर गेल्या. निघताना भाचीने नियमाप्रमाणे दांडा खाली ओढला.

त्या परत आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्या काठी टेकत शेडमध्ये आली. नुकताच प्लॅस्टरमधून सुटलेला पाय अजून जरा बिचकत होता, पण आत्या बिचकत नव्हती. झूल बाजूला झाली. भाच्याने सवयीने दिव्याकडे नजर टाकली.

दिवा लाल होता.

तो काही म्हणायच्या आत आत्या गाडीत बसली होती. तिने चावी फिरवली. टक्. एवढंच. ना दिवे, ना काटे, ना इंजिन.

आत्याने स्टीअरिंगवरून एकदा हात फिरवला. तिचा चेहरा बघवेना.

"पण मी… दिवा तर नेहमी…" तरुणाने चार्जरच्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"लाल म्हणजे आत्ताच उठलाय तो," आडोशापाशी उभी असलेली वीजमंत्री म्हणाली. "मी आत्ताच स्विच वर केला ना."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"कोणता स्विच, बाळ?" आत्याने विचारलं.

"मोठा. तो वर केला की सगळं सुरू होतं. मी रोज जाताना बंद करते." तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "मग… गाडी माझ्यामुळे विकणार?"

मावशीने तिला जवळ घेतलं. पण आत्याच्या डोक्यात हिशेब जुळू लागला होता. "म्हणजे या दोघी असतात तेव्हाच इथे वीज असते. रोज येत होत्या, तोवर बॅटरी भरत होती. बरं. मग गेला महिनाभर तू रोज येऊन काय बघत होतास रे?"

"महिनाभर… आलो नाही."

"का?"

तरुणाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यांची नजर दिव्याकडे नसतेच," वीजमंत्री नाक पुसत म्हणाली.

आता मावशीने तोंड फिरवलं, पण कान लाल झाले ते दिसलेच. आत्या खदखदून हसली. मग एकदम गंभीर झाली. "हसण्यावारी नेऊन चालणार नाही. शब्द तो शब्द. चावी फिरवली, गाडी सुरू झाली नाही."

"पण ती झोपली होती," वीजमंत्री म्हणाली. "जेवलीसुद्धा नव्हती. आमच्या बाई आजारी मुलांची परीक्षा नंतर घेतात. पहिल्या वेळचे मार्क धरत नाहीत."

आत्याने तिच्याकडे मुख्याध्यापिकेच्या नजरेने बराच वेळ पाहिलं. "नियम बरोबर आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी फेरपरीक्षा. तोवर पोटभर जेवू दे तिला."

त्या संध्याकाळी किटली, शेगडी, दिवे, एकेक करून सगळं सॉकेटवरून निघालं. राहिला फक्त चार्जर. वीजमंत्री दारात उभी राहून स्विचवर नजर ठेवून होती. आत दोघं त्या लाल दिव्यासमोर जमिनीवर बसली होती.

"तर तुम्ही दिवा बघायला येत नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मला केव्हाच कळलं होतं. डबीवर लिहिलेलं मी पहिल्या दिवशीच वाचलं होतं."

"मग बोलला नाहीत…"

"मी पूर्वी उजेड असेपर्यंतच काम करायचे," ती वेताची पट्टी बोटाला गुंडाळत म्हणाली. "संध्याकाळचा उजेड विणायला वाईट. डोळे दुखतात. तरी चार्जर आल्यापासून संध्याकाळीच विणते आहे."

तो बघतच राहिला. "डोळे दुखतात, तर मला सांगायचं. माझं कामच ते आहे."

"मग सांगते. तुझ्यामुळे दुखतात."

"तुझी नजर तपासावी लागेल. रोज. जन्मभर चालेल का?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात दिवा हिरवा झाला. दोघांपैकी एकानेही तो पाहिला नाही.

सकाळी आत्या आली. बसली. डोळे मिटून तिने चावी फिरवली… आणि गाडी अशी गुरगुरून उठली की शेडचा पत्रा थरथरला. आत्याने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं, डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही.

"सीट दोनच आहेत," ती थोड्या वेळाने म्हणाली. "माझ्या शेजारी वीजमंत्री बसतील. तुम्ही दोघं इथेच थांबा. खुर्च्या विणा, दिवे बघा, काय करायचं ते करा."

आत्याने गाडी शेडबाहेर काढली. वीजमंत्री मागोमाग धावत निघाली, पण दाराशी थबकली. नियम तो नियम. ती स्टुलावर चढली, दोन्ही हात दांड्यापर्यंत नेले आणि मागे वळून पाहिलं. मावशी आणि तो तरुण एकाच अर्धवट खुर्चीच्या दोन कडांवर तोल सांभाळत बसले होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. त्यांना तर बाहेर चालू असलेलं इंजिनही ऐकू येत नसावं.

शेवटी निघणाऱ्याने स्विच बंद करायचा असतो. शेवटची काही आपण नाही, हे तिच्या लक्षात आलं.

तिने हात खाली घेतले, स्टुलावरून आवाज न करता उतरली, दार हळूच ओढून घेतलं, आणि गाडीत जाऊन बसली.