तिसरी लाल चौकट

सराव परीक्षेत पडद्यावर तिसरी लाल चौकट उमटली आणि माझा संगणक बंद झाला. गणितं जेमतेम चार झाली होती.

"वर कोण आहे गं?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "सारखी छताकडे बघत होतीस."

"हिशेब करत होते," मी फणकारले. "माझी आई अन्लोगा गावच्या बाजारात कांदे विकते. वर बघूनच हिशेब करते. मलाही तीच सवय."

"कॅमेऱ्याला वाटतं, छतावर उत्तरं लिहिलीत!"

त्याचं नाव एलिकेम. हसू लागला की गालाला खळी पडायची... पण मी परीक्षेचे नियमच आठवत होते. नजर पडद्यावरून हलली की लाल चौकट, आणि तीन चौकटी झाल्या की परीक्षा रद्द. पहिल्या खेपेला मी अशीच बाद झाले होते. प्रत्येकाला दोनच संधी, म्हणजे उद्याची फेरपरीक्षा माझी शेवटची. ती गेली की विद्यापीठही गेलं. एलिकेमची मात्र पहिलीच खेप. मागच्या वेळी तो मलेरियाने झोपून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, परीक्षेआधी, त्याने पाण्याच्या पिशवीचा निळा तुकडा माझ्या कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवला. "हे तुझं आभाळ, एडिनाम. हिशेब इथे बघून कर." पर्यवेक्षिकाबाईंनी तुकडा काढून उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी तो परत लावू दिला.

तरी सवय ती सवय. एक चौकट आली, संगणक वाजला. लगेच दुसरी! मग मी निळ्या तुकड्यावर नजर रोवली, आणि गणितं सुटू लागली.

अडुसष्ट गुण! साठ पुरे होते. आनंदाने वळले, तर एलिकेमचा पडदा काळा.

"काय झालं?"

"तिसरी चौकट."

"तू कुठे छताकडे बघतोस?"

"तुझा संगणक दोनदा वाजला... दोनदा वळून पाहिलं. घाबरलो होतो गं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा—उगाच. तू हसत होतीस."

"वेडा आहेस का? आता तुझी शेवटची संधी!" माझे डोळे भरून आले. इतकी भीती मला स्वतःसाठीही वाटली नव्हती.

"मलाही भीती वाटतेय," तो हळूच म्हणाला. खळी कुठेच नव्हती.

मी निळा तुकडा सोलून मुठीत घेतला. "बुधवारी तुझी फेरपरीक्षा. हा तुझ्या कॅमेऱ्याखाली लावेन. आणि मी दाराबाहेर बसेन. मागे वळायचं नाही."

"बघावंसं वाटलं तर?"

"आधी साठ गुण आण," मी म्हणाले, "मग जन्मभर बघ."

बोलून गेले खरी... पण मूठ घामाने चिंब झाली होती.