दोन बोटांचा भरवसा

खुर्चीला चाकं आहेत हे रद्वाच्या लक्षात आलं, तेव्हा ती त्या खुर्चीवर उभी होती आणि खुर्ची निघाली होती.

"खुर्ची धरू, की तुम्हाला?" खालून कुणीतरी विचारलं.

"खुर्ची! विनोद मागाहून करा!"

त्याने खुर्ची धरली. रद्वाने हातातलं पिवळं कार्ड भिंतीवर चिकटवलं आणि मग खाली पाहिलं. तपकिरी डोळे, वाढलेली दाढी, आणि हसू दाबायचा फसलेला प्रयत्न...

"मी हाझेम. लॉगिनवाल्या टीमचा प्रॉडक्ट मॅनेजर. हे कार्ड माझ्याच डोक्यावर बसणार असं दिसतंय."

खरंच बसणार होतं. कैरोतल्या त्या सभागृहात बारा टीमची सव्वाशे माणसं पुढच्या तीन महिन्यांची कामं ठरवायला दोन दिवस जमली होती. सगळ्यांचं मिळून एकच ॲप, घरपोच औषधांचं. कुणाचं काम कुणावाचून अडतं ते दाखवायला भिंतीवर लाल दोरे ताणलेले. रद्वाही प्रॉडक्ट मॅनेजरच. दक्षिणेकडच्या मिन्या प्रांतातल्या खेड्यांमधल्या म्हाताऱ्यांना दर महिन्याला न मागता इन्सुलिन पोचवायचं, हे तिचं काम. पण त्यासाठी म्हाताऱ्याच्या नावावर त्याच्या मुलीला ॲप उघडता यायला हवं, आणि ती सोय हाझेमच्या टीमने करायची होती. हे काम आधीच दोनदा मागे पडलं होतं. आता हुकलं तर कायमचं बंद, असं संचालिका सोहैर मॅडमनी बजावलेलं.

"सहा आठवड्यांत होईल?" रद्वाने विचारलं.

"होईल की. तुमच्यासाठी चार आठवड्यांत."

"सगळ्यांना असंच सांगता?"

"छे! बाकीचे कुठे खुर्चीवर चढतात?"

रद्वाला हसू आवरलं नाही. संध्याकाळपर्यंत 'अहो'चं 'अरे' झालं. बोलताना तो तिच्याकडे असा बघायचा, की ती आपलंच वाक्य अर्ध्यावर विसरायची. तो तिला आवडला होता... सरळ सांगायचं तर फारच आवडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुदिन्याच्या चहापाशी तिला हाझेमच्या टीममधला करीम भेटला. डोक्यावरचे केस नुकतेच बारीक कापलेले.

"पुढच्या महिन्यात सक्तीच्या सैन्यसेवेला चाललोय, मॅडम. वर्षभर सुटका नाही."

"मग माझं काम कोण करणार?"

"तुमचं कुठलं काम?" करीम गोंधळला. "आमच्याकडे आहे तेच चौघांना पुरून उरतंय. आम्हाला कुणी काही बोललंच नाही."

तिने हाझेमला खिडकीपाशी गाठलं. बाहेर खमासीनचा, वाळवंटातून येणारा गरम वारा सुटला होता, काचेवर धुळीचा थर चढत होता.

"टीमला न विचारता शब्द दिलास?"

"मी बघतो ना... मी स्वतः बसेन."

"तुला प्रोग्रॅम लिहिता येतो?"

"शिकेन." तो हसला. ती हसली नाही. मग त्याचंही हसू मावळलं. "रद्वा, तू फक्त पाच बोटं दाखव. बाकीचं माझ्यावर सोड."

बोटांचा रिवाज तिथे सगळ्यांनाच ठाऊक होता. शेवटी सोहैर मॅडम विचारणार, ठरलेलं पार पडेल का? पाच बोटं म्हणजे पूर्ण भरवसा. दोन किंवा कमी दाखवली, तर उभं राहून कारण सांगायचं.

"चला, हात वर!" मॅडमनी पुकारलं.

पाच दाखवली तर आजचा दिवस निभावेल, आणि तीन महिन्यांनी म्हातारे पुन्हा दाराकडे डोळे लावून बसतील. दोन दाखवली तर काम आत्ताच जाईल, हाझेमची भर सभेत शोभा होईल, आणि... आणि तो पुन्हा कधी आपल्याशी बोलेल का? समोर हाझेमची पाच बोटं वर होती. तिचा हात वर गेला.

दोन बोटं.

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले.

"रद्वा? तुझ्याच कामावर तुझा भरवसा नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. मला लागणारं लॉगिन वेळेत होणार नाही." तिचा आवाज फाटला. "हाझेम हो म्हणाला, आणि मी खोदून विचारलं नाही. मला ते 'हो' ऐकायचंच होतं..."

हाझेमने हात खाली घेतला. कान लालबुंद झाले होते.

"चूक माझी आहे. टीमला विचारलं नाही, करीम जातोय तेही लपवलं. तिला नकार द्यायची हिंमत झाली नाही. का, ते सगळ्यांसमोर विचारू नका, मॅडम."

"विचारायचंय कशाला? कालपासून दिसतंय सगळ्यांना!" करीम ओरडला, आणि हास्याचा स्फोट झाला.

"प्रेम सुट्टीच्या दिवशी करा," मॅडम म्हणाल्या. "काम बंद करायचं की काही होण्यासारखं आहे, तेवढं सांगा. एक तास देते."

त्या तासात रद्वाने आपल्याच कामाला कात्री लावली. सगळी खेडी नकोत, एकाच तालुक्यातले ऐंशी म्हातारे. ॲपही नको, दर महिन्याला त्यांच्या मुलींना फोन करायचा. हाझेमने प्रत्येक गोष्ट आधी टीमला विचारली. फोनवरचा होकार नोंदवायची सोय, एवढंच दोन दिवसांचं काम उरलं, ते जायच्या आधी उरकायचं करीमने कबूल केलं. या वेळी रद्वाची चार बोटं वर गेली, मनापासून.

जिन्यात हाझेम तिची वाट बघत उभा होता.

"रागावलायस?" तिने विचारलं.

"स्वतःवर. तुझ्यावर... तुझ्यावर प्रेम बसलंय, ते वेगळं."

रद्वाने कठड्याला धरलं. "शुक्रवारी घरी जेवायला ये. आई भात भरलेल्या भाज्यांची महशी करतेय, आणि मी तुझ्याबद्दल सांगणार आहे तिला."

"नाही," तो म्हणाला.

तिचा चेहरा पडला.

"शुक्रवारी करीमला निरोपाचं जेवण द्यायचं कबूल केलंय टीमला. शनिवारी आलो तर चालेल?"

"नक्की येशील?"

"येईन."

आणि रद्वाने तिथूनच आईला फोन लावला, "महशी शनिवारी कर गं."