मागचीचं कार्ड

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. गोष्टी रचत बसायला मला वेळ नाही, आणि कुणाला घाबरवून मला काही मिळायचं नाही. जे लिहितेय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय.

आणि रात्री-बित्री नाही हं.

भर दुपारी. पांढऱ्या फक्क ट्यूबलाइटच्या उजेडात.

मोबाइलवर टाइप करतेय, पायरीवर बसून. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका. पायरीवर का बसलेय, ते शेवटी कळेलच.

मी फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटरचं काम बघते. धाकटी तिथेच पेट्या रचायला होती. मीच तिला चिकटवली. घरी आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि धाकटी. आईची जुनी सवय... दिवेलागणीला दारात उभी राहते, सगळे आत आले का बघते, आणि मगच कडी लावते. "सगळे आले," असं स्वतःशीच म्हणते. तिने तसं म्हटल्याशिवाय आमच्या घरात दिवस संपत नाही.

तर कोल्ड स्टोरेज. तो काही नुसता मोठा फ्रिज नसतो. खोली पेट्यांनी भरली की जाड रबरी कडांचं दार लावून घेतात आणि नळीने आत दुसरा वायू सोडतात. आतला प्राणवायू निघून जातो. फळं महिनोन्महिने तशीच टिकतात.

माणूस टिकत नाही.

वास येत नाही, धूर दिसत नाही. माणूस आपला गपकन खाली बसतो आणि संपतो. म्हणून दार लावायच्या आधी मोजणी. आत जाताना प्रत्येकीने एका यंत्राला कार्ड लावायचं. बाहेर येताना पलीकडच्या यंत्राला लावायचं. कार्ड लावलं की फाइलमध्ये एक ओळ पडते. आत गेलेल्यांची एक फाइल, बाहेर आलेल्यांची दुसरी. माझ्या कॉम्प्युटरवर एक बारकीशी स्क्रिप्ट आहे, ती दोन्ही फाइलींतल्या ओळी मोजते. आकडे जुळले की दारावर हिरवा दिवा. नाही जुळले तर लाल. लाल असताना दाराचं कुलूप पडतच नाही.

ती स्क्रिप्ट नावं बघत नव्हती. नुसत्या ओळी मोजत होती.

आम्ही दोघी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. सगळ्या बाया आत जात होत्या. सगळ्यांत शेवटी मुकादमबाई आल्या. त्यांनी आपलं कार्ड लावलं. मग भिंतीवरच्या खिळ्याचं एक कार्ड काढलं. जुनाट, कोपरा तुटलेला, फोटो घासून गेलेला. तेही यंत्राला लावलं आणि परत खिळ्याला अडकवलं.

"हे कुणाचं हो?" मी विचारलं.

"मागचीचं."

"मग ती कुठंय?"

"आत."

एवढंच बोलल्या आणि गेल्या. मुकादमबाईंचं बोलणं म्हणजे तोडून फेकल्यासारखं. मला आला राग. मी काय लहान पोर आहे?

डबा खाताना धाकटीला खोदून खोदून विचारलं. आधी इकडेतिकडे बघत बसली. मग म्हणाली, "ताई, ती पेट्या रचायची. कायम सगळ्यांच्या मागे राहायची, म्हणून मागची. बाहेर येतानाचं यंत्र नवीन बसवलं ना, त्याच दिवशी हिरवा दिवा लागला आणि दार लागलं. ती आतच होती."

"घरच्यांनी शोधलं नाही?"

"घरी कुणी नव्हतंच. तिची वाट बघणारं, तिला मोजणारं कुणीच नव्हतं. खोली उघडली तेव्हा सापडली. दाराशीच बसली होती म्हणे..."

"आणि कार्ड?"

"त्यानंतर दिवा वेड्यासारखा वागायला लागला. सगळ्या बाहेर आल्या तरी लालच. कुणीतरी तिचं कार्ड शेवटी लावून बघितलं, आणि दिवा सुतासारखा सरळ! तेव्हापासून तिला रोज आत नेऊन सोडतात. म्हणजे ती बाहेर येत नाही."

"खुळ्या आहात झालं सगळ्या," मी म्हटलं.

पण डोक्यातून जाईना. जागेवर येऊन स्क्रिप्ट उघडली, आणि कपाळावर हात मारला.

तिच्यातली कमांड ओळी मोजतच नव्हती. ओळ संपल्यावर एंटरची जी खूण असते ना, ती मोजत होती. आत जातानाचं जुनं यंत्र एंटर मारायचं ते पुढची ओळ लिहिताना. म्हणजे शेवटच्या ओळीपुढे एंटर नाहीच. म्हणजे शेवटची बाई मोजणीत नाहीच! आधी दोन्ही यंत्रं तसलीच होती, दोन्हीकडे एकेक कमी, म्हणून जुळायचं. बाहेरचं बदललं आणि घोळ झाला. एक जण आत राहिली की हिरवा. सगळ्या आल्या की लाल. मागची त्या घोळानं मेली. आणि शेवटी जादा कार्ड लावलं की जी ओळ मोजायची राहते, ती कुणाचीच नाही.

भूत नाही नि खेत नाही. दोन मिनिटांचं काम. मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. शेवटची ओळही मोजायला लावली.

माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चूक होती ती काढली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहेर आल्या...

दिवा लाल.

आत एक जण जास्त.

मुकादमबाई तरातरा माझ्या खोलीत आल्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "काय केलंस तू?"

"मोजणी बरोबर केली. तुमचं ते जादा कार्ड आता मोजलं जातंय. उद्यापासून लावू नका, की झालं."

"तिला मोजलंस?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "अगं भवाने... तू तिला मोजलंस?"

मग साहेब आले. खोली रिकामी बघून, दिवा बंद करवून दार लावून घेतलं. बायांवर ओरडले, कार्ड खिळ्यावरून ओढून काढलं आणि माझ्या टेबलावर आपटलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये. मुकादमबाई जाताना माझ्याकडे अशा बघून गेल्या की कुत्र्याकडे तरी कुणी बरं बघतं.

पुढची खोली भरायची ती दुपार.

शेवटी आत जायला कुणी तयार होईना. ढकलाढकली, कुजबुज. एकीने तर सरळ घरची वाट धरली. आणि आमचं ध्यान पुढे आलं. धाकटी हसत म्हणाली, "व्हा गं पुढे. मी जाते शेवटी. माझी बहीणच मोजायला बसलीय, मला कसली भीती?"

काचेतून मला अंगठा दाखवून आत गेली.

काम उरकलं. बाया बाहेर यायला लागल्या. प्रत्येक कार्डाला यंत्र 'टीं' करतं, ते माझ्या खोलीत भिंतीतून ऐकू येतं. टीं. टीं. टीं. स्क्रीनवर ओळी वाढत होत्या.

एक बाकी.

मी वाट बघत बसले...

आवाज नाही.

माझ्या गुडघ्यांना गार लागलं. पंखा बंद होता. गारवा ड्रॉवरमधून येत होता.

आणि मग... टीं.

आकडे जुळले. हिरवा दिवा. दार धप्पकन लागलं, आत पंख्यांची घरघर सुरू झाली. हुश्श म्हणून मी खुर्चीत मागे टेकले.

धाकटी काम संपलं की माझ्या काचेवर टकटक करून वेडावून दाखवते. एक दिवस चुकवत नाही. कितीदा ओरडलेय तिला.

त्या दिवशी टकटक झाली नाही.

बाहेर आले. बाया हात धूत होत्या. "धाकटी कुठंय?"

"आली की," मुकादमबाई म्हणाल्या. "माझ्या मागूनच आली. पावलं ऐकली ना मी."

"चेहरा बघितला?"

"त्या दारातून येताना मागे वळून कुणी बघत नाही."

मी पळत माझ्या खोलीत गेले. बाहेर आलेल्यांची फाइल उघडली. धाकटीचं नाव नव्हतं.

शेवटच्या ओळीत कार्ड होतं... मागचीचं.

ड्रॉवरचं कुलूप जसंच्या तसं. पर्समधून किल्ली काढली. उघडलं. कार्ड जागच्या जागी होतं.

त्याच्यावर पांढरा बर्फ जमला होता.

त्यानंतर मी काय ओरडले, मला आठवत नाही. दाराला वाटीएवढी काच आहे. तिच्यामागे धाकटीचा तळहात टेकलेला होता, आणि तो हळूहळू खाली घसरत होता. मुकादमबाई म्हणत होत्या, "दिवा हिरवा आहे, साहेबांना विचारल्याशिवाय..." मी त्यांना अशी शिवी दिली की ती इथे लिहिता यायची नाही. आगीच्या वेळी ओढायचा दांडा भिंतीवर असतो, त्याच्यावरची काच फोडून तो ओढला. दार उघडलं आणि माझी बहीण माझ्या पायांवर पडली. ओठ निळे. पण श्वास होता.

जगली. माझी सोन्यासारखी पोर जगली.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आली तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मी दारापर्यंत आले होते गं. कुणीतरी मागून खांदा धरला. मला बाजूला सारलं. आणि कानात म्हणालं, 'आता तू मागची.'"

नोकरी सोडायला लावली तिला. मी मात्र सोडली नाही. हट्टी आहे मी. स्क्रिप्ट आता नावंही ताडून बघते. कोण गेली, कोण आली, एकेक. तिथे पुन्हा कुणी अडकणार नाही, छातीठोकपणे सांगते.

ते कार्ड मी जाळलं. पण फाइल रोज बघते. मागची बाहेर गेल्याची ओळ आहे. त्यानंतर आत आल्याची एकही नाही.

मग गेली कुठे?

आज मला कामावरून यायला जरा उशीर झाला. फार नाही, दिवे नुकतेच लागले होते. बघते तर दाराला आतून कडी. आई मी आल्याशिवाय कडी लावत नाही. जन्मात लावलेली नाही.

दार वाजवलं.

"कोण आहे?" आईचा आवाज.

"आई, मी! उघड ना."

कडी हलली नाही.

"आमचे सगळे आले," आई म्हणाली. "मी मोजलेत."

मला वाटलं, चेष्टा करतेय. दारावर बुक्क्या मारल्या. बाबा आतून खेकसले, "कोण आहे ते? पोलिसांना बोलवू का?" माझे बाबा! माझा आवाज त्यांना ओळखू येईना.

धाकटीला फोन लावला. उचलला तिने.

"धाकटे, दार उघड. मी बाहेर आहे."

"कोण बोलतंय?"

"अगं ताई!"

ती हसली. जरा घाबरूनच हसली. "काहीतरीच काय? ताई इथे माझ्याजवळ बसलीय. केव्हाची आलीय. हात नुसते गारठलेत तिचे, चोळून देतेय मी."

आणि फोनमध्ये तिच्या अगदी जवळून आवाज आला... माझा. हुबेहूब माझा, तसाच चिडका.

"ठेव गं तो फोन. सगळे आत आहेत."

तेव्हापासून धाकटी फोन उचलत नाही. खिडक्याही लावून घेतल्यात. मी पायरीवर बसून हे लिहितेय, मध्ये मध्ये उठून दार वाजवतेय. शेजारी मगाशी डोकावले, मला न्याहाळलं आणि ओळख न दाखवता आत गेले.

मला थंडी वाजतेय, पण माझं जाऊ द्या. धाकटीच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर तिला फोन करा. तुमचा तरी उचलेल. तिला सांगा, शेजारी जी बसलीय तिचे हात सोड, आणि काहीतरी निमित्त काढून घराबाहेर ये.

आत आता पंख्याची घरघर ऐकू येतेय.

आमच्या घरात एवढा मोठा पंखा नाही.